रुळांचा शेवट खाणीत नको

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची कोळशाची खाण इंग्रज सरकारने १८७१ मध्ये सुरू केली आणि १९०६ मध्ये गुंडाळली. काढण्याजोगा कोळसा काढून झाला होता. या खाणीसाठी वर्ध्याहून सुमारे ४५ मैल रूळ टाकले होते आणि त्या मार्गाचं सरकारदरबारी नावच मुळी ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होतं. नावातला कोळसा संपल्यावर रूळ उखडून दुसरीकडे नेले असते तरी कोणाला नवल वाटलं नसतं. तसं झालं नाही. आज वरोरा दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरचं स्टेशन आहे. खाण बंद होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी गाडी थांबते, माणसं चढतात, उतरतात.

त्याच जुन्या मध्य प्रांतात, आजच्या मध्य प्रदेशातल्या नरसिंगपूर जिल्ह्यात, मोहपाणी नावाचं गाव आहे. तिथली खाण वरोऱ्याहून जुनी. नर्मदा कोल अँड आयर्न कंपनीने ती १८६२ पासून चालवली आणि १९०४ मध्ये ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेकडे गेली. मुंबई-जबलपूर मार्गावरच्या गाडरवाऱ्याहून मोहपाणीला जेमतेम १२ मैलांचा फाटा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेला छोटा मार्ग, होता. पुढे खाण बंद पडली आणि फाटाही गेला. मोहपाणीला आज रेल्वे नाही. गंमत म्हणजे त्याच गाडरवाऱ्यात आता एनटीपीसीचं १६०० मेगावॅटचं वीजकेंद्र उभं आहे आणि त्याच्यासाठी कोळसा बाहेरून येतो, तोही रेल्वेनेच.

प्रांत एक, काळ साधारण एक, दोन्हीकडे खनिज एकच. मग एक स्टेशन टिकलं आणि दुसरं का गेलं? माझं उत्तर साधं आहे. वरोऱ्याचे रूळ खाणीपाशी थांबले नाहीत, मोहपाणीचे थांबले. कोळशाच्या गावाला रेल्वेने काय दिलं, हे त्या स्टेशनातून किती माल गेला यावर ठरत नाही. रूळ खाणीच्या पुढे आणखी कुठे जातात का, यावर ठरतं. हा नुसता इतिहासाचा मुद्दा असता तर मी लेख लिहिला नसता. आजही कोळशासाठी नवे रूळ टाकले जात आहेत आणि जुन्या खाणी एकेक करून मिटत आहेत. दोन्ही ठिकाणी निर्णय घेताना आपण टनांपलीकडे काही मोजतो, असं मला दिसत नाही.

आपल्याकडे रेल्वेच्या आगमनाची एक ठरलेली कथा आहे. गाडी आली, बाजार बसला, शाळा आली, गाव उजळलं. कोळशाच्या गावांपुरती ही कथा उलटी वाचावी लागते. तिथे गाव होतं म्हणून रेल्वे आली नाही. कोळसा होता म्हणून आली, आणि कोळसा काढायला माणसं लागतात म्हणून गाव वाढलं. या क्रमाचा ठसा स्टेशनवर कायमचा उमटला. मालाच्या मार्गिका अनेक, फलाट एक. प्रवाशांसाठी वेगळी गाडी म्हणजे चैन. मालाच्या डब्यांमागे एक-दोन प्रवासी डबे जोडलेली मिक्स गाडी, ही अशा फाट्यांवरची नेहमीची सोय.

बंगालमधलं राणीगंज हे याचं सर्वात जुनं उदाहरण. तिथे कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न १७७४ चा. पण पुढची ऐंशी वर्षं कोळसा कलकत्त्याला न्यायचा म्हणजे दामोदर नदीवर अवलंबून राहायचं. पावसाळ्यात पाणी असेल तेव्हाच होड्या चालायच्या. बाकीचे महिने कोळसा काठावर पडून. राणीगंजच्या खाणीत ज्यांचे पैसे गुंतले होते त्या द्वारकानाथ टागोरांनी तिथवर रेल्वे व्हावी म्हणून खटपट केली, पण ती पाहायला ते राहिले नाहीत. १८४६ मध्ये लंडनला वारले. ३ फेब्रुवारी १८५५ रोजी हावड्याहून राणीगंजपर्यंत गाडी सुरू झाली. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीला दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती, आणि पूर्व भारतातला पहिला लांबचा लोहमार्ग थेट खाणीवर जाऊन थांबला होता. राजधानी ते राजधानी, बंदर ते बाजारपेठ अशी जोडणी त्याआधी झाली नाही. इथे कोणाची निकड पहिली होती, हे वेगळं सांगायला नको.

पण राणीगंजच्या पुढच्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. गंगेच्या काठाने उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग आधी राणीगंजला बाजूला टाकूनच गेला. राणीगंज कितीतरी वर्षं फाट्याचं टोक होतं. पुढे रूळ पश्चिमेकडे सरकले आणि १८७१ मध्ये कॉर्ड लाइन, म्हणजे मधला जवळचा जोडमार्ग, पूर्ण झाली तेव्हा हा फाटा मुख्य मार्गात आला. आणि मग जंक्शन झालं आसनसोल. आज जिल्ह्याचं ठिकाण आसनसोल आहे आणि राणीगंज त्याच्या महापालिकेत मोडतं. कोळसा पहिल्यांदा ज्या गावाचा निघाला ते गाव मागे पडलं, रूळ जिथे एकमेकांना मिळाले ते पुढे गेलं. माझ्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

आता खाणीच्या बाजूने स्टेशन कसं दिसायचं ते पाहू. खाणमालकाला फलाटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवी होती सायडिंग, म्हणजे माल भरण्यासाठीची बाजूची मार्गिका, आणि सायडिंगला लागणाऱ्या रिकाम्या वॅगन. वॅगन लागल्या की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत भरून द्यायच्या, नाहीतर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. खाणीतून टबांनी वर आलेला कोळसा ढिगात ओतलेला असे, आणि ढीग ते वॅगन एवढं अंतर तो माणसांच्या डोक्यावरून जाई. आजच्या झारखंडमधल्या झरियाच्या पट्ट्यात हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करत. तिकडे त्यांना कामिन म्हणत. टोपलं भरायचं, चढायचं, वॅगनमध्ये ओतायचं, रिकामं टोपलं घेऊन उतरायचं. मजुरी भरलेल्या मालावर. वॅगन रात्री लागल्या तर रात्री भरायच्या. वॅगन आल्याच नाहीत तर कोळसा ढिगात पडून राहायचा, फार दिवस राहिला तर आपोआप तापून पेटायचा, आणि भरणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी नाही. घरात चूल पेटणार की नाही हे वॅगन येणार की नाही ते सांगणाऱ्या स्टेशनातल्या तारेवर ठरत होतं, आणि त्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईला ती तार कधी दिसत नव्हती.

वॅगन कोणाला किती, हा म्हणूनच खाणपट्ट्यातला खरा राजकारणाचा प्रश्न झाला. इंडियन मायनिंग असोसिएशन १८९२ मध्ये निघाली. तिच्यात वजन युरोपीय कंपन्यांचं. भारतीय खाणमालकांनी १९१३ मध्ये आपली वेगळी इंडियन मायनिंग फेडरेशन काढली, आणि वॅगन वाटपातला दुजाभाव ही त्यांची मोठी तक्रार होती. पहिल्या महायुद्धात वॅगन कमी पडल्या तेव्हा हे भांडण आणखी पेटलं. रेल्वे नुसती वाहतूकदार असती तर एक वेळ चाललं असतं. पण देशात निघणाऱ्या कोळशाचा सुमारे तिसरा हिस्सा रेल्वेच जाळत असे. म्हणजे ती सर्वात मोठी गिऱ्हाईकही होती. आणि गिरिडीहला तर ईस्ट इंडियन रेल्वेच्या स्वतःच्याच खाणी होत्या: खाण तिची, सायडिंग तिची, स्टेशन तिचं, इंजिनात कोळसाही तिचाच. अशा ठिकाणी स्टेशनमास्तरकडे दाद मागायला जायचं म्हणजे मुकादमाची तक्रार घेऊन मुकादमाच्याच भावाकडे जाण्यासारखं.

एवढं सगळं मान्य करूनही स्टेशनच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. खाणवस्तीत जमीन कंपनीची, चाळ कंपनीची, पुष्कळदा दुकानही कंपनीच्या मेहेरबानीवरचं. जिथे रेल्वे आणि खाण यांचे मालक वेगवेगळे होते तिथे फलाट ही जवळपास एकमेव जागा होती, जिथे उतरणाऱ्या परक्या माणसाला खाणीचा मॅनेजर ‘इथे कशाला आलास’ असं विचारू शकत नव्हता. वर्तमानपत्रं तिथे उतरायची, मनीऑर्डरींची पोतडी तिथून जायची. १९२१ मध्ये आयटक या अखिल भारतीय कामगार संघटनेचं दुसरं अधिवेशन भरलं ते मुंबई-कलकत्त्यात भरलं नाही, झरियाला भरलं. खाणमालकांचा विरोध होता. तरी प्रतिनिधी आले, खाणकामगार काम टाकून अधिवेशनाला गेले. ज्या रुळांवरून कोळसा बाहेर जात होता त्याच रुळांवरून संघटना आत आली, हे मालकांच्या हिशोबात नसावं. गावाला कोळशापलीकडे काही मिळालं असेल तर ते या वाटेने मिळालं. आणि म्हणूनच ही वाट कोळशाच्या टनांवर टांगून ठेवणं मला पटत नाही.

पुन्हा वरोऱ्याकडे येतो, कारण तिथे नेमकं काय घडलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. वर्धा-वरोरा मार्ग कोळशासाठी असला तरी वाटेत हिंगणघाट होतं, आणि हिंगणघाटचा कापूस तेव्हा देशाबाहेर नावाजलेला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून या रुळांना दुसरी कमाई होती. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी तिथे सुरू झाली. कापूस हाताशी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, हा हिशोब त्यात होता. वरोऱ्याची खाण आटत आली तेव्हा दक्षिणेला बल्लारपूरच्या कोळशाचं काम सुरू झालं होतं आणि रूळ तिकडे सरकले. १९२९ मध्ये काझीपेट-बल्लारशा दुवा (बल्लारशा हे बल्लारपूरचंच स्टेशन) पूर्ण झाला आणि एका खाणीसाठी टाकलेला तुकडा दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्याच वर्षीची.

शेजारचं माजरी-वणीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. माजरीहून वणी-राजूरच्या खाणींकडे गेलेला फाटा कितीतरी वर्षं फाटाच होता. पुढे तो पिंपळखुटीवरून आदिलाबादला जोडला गेला आणि नंदीग्राम एक्सप्रेस त्या वाटेने धावू लागली. वणीच्या माणसाला मराठवाड्यात जायला आणि मुंबई गाठायला घराजवळून गाडी मिळाली. त्या पट्ट्यात उद्या एकही खाण उरली नाही तरी ही गाडी बंद करताना रेल्वेला दहा वेळा विचार करावा लागेल.

तेलंगणातल्या कोठागुडेमचं स्टेशनही पाहण्याजोगं. सिंगरेणी कोळशाचं हे मुख्य ठाणं, पण स्टेशनवरच्या पाटीवर नाव आहे भद्राचलम रोड. राममंदिराला जाणाऱ्या भाविकांसाठी ठेवलेलं नाव. खाणकामगारांच्या शहराला आपल्याच स्टेशनवर आपलं नाव नाही याचा कोणाला राग येईल, मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. कोळसा सोडून आणखी कोणाची तरी या मार्गाला गरज आहे, हे पाटीवरच लिहून ठेवलं आहे.

मग आजचा प्रश्न काय? १९९० च्या दशकात ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं गेली, रेल्वे स्वतः कोळसा जाळेनाशी झाली. तरी भारतीय रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाच्या हिशोबाने निम्म्याच्या आसपास आजही कोळसाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा कडक पडला, वीजकेंद्रांतला साठा घसरला आणि कोळशाच्या रेक (अख्ख्या मालगाड्या) वेगाने पोचाव्यात म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. त्यातल्या बहुतेक दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या, म्हणजे बिलासपूर-नागपूर पट्ट्यातल्या. ज्यांच्या अंगणातून कोळसा निघतो त्यांच्याच गाड्या आधी गेल्या. दिल्लीतल्या एसीसाठी कोरबा-गोंदियाकडच्या पोराची परीक्षेची गाडी रद्द, असं मी म्हणालो तर ते भडक होईल. विजेची गरज त्या पोराच्या घरालाही होती. पण निर्णयाची दिशा १८५५ पासून बदललेली नाही, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. प्रवासी भाड्यात रेल्वेला तोटा येतो आणि तो मालभाड्यातून भरून निघतो. कोळशाने पैसा दिला नाही तर पॅसेंजर चालणारच नाही. हिशोब म्हणून हे खरं आहे. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? कोळशाच्या कमाईवर देशभरच्या प्रवाशांचं भाडं स्वस्त राहत असेल, तर ज्या जिल्ह्यांतून तो कोळसा भरला जातो त्यांचा त्या स्वस्ताईवर पहिला हक्क असायला हवा. प्रत्यक्षात चंद्रपूरकर मुंबई-पुण्यासाठी सोयीच्या थेट गाडीची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत, आणि चंद्रपूर स्टेशनवर उभं राहिलं की समोरून कोळशाच्या रेकमागून रेक जाताना दिसतात. वर्धा-बल्लारशा तिसऱ्या मार्गिकेचं काम हाती घेतलं गेलं आहे. तिच्यावर मोकळी होणारी क्षमता आणखी रेक घालून भरायची, की तिचा ठरावीक वाटा स्थानिक गाड्यांना आधीच लिहून द्यायचा? हे आत्ता ठरवलं नाही तर नंतर ठरवायला काही शिल्लक राहणार नाही.

झरियाकडे पाहिलं की उशीर केल्यावर काय होतं ते कळतं. जमिनीखाली दशकानुदशकं आग धुमसते आहे. धनबादहून झरियावरून पाथरडीहला जाणारा मार्ग त्या आगीपायी बंद झाला. १५ जून २०१७ रोजी धनबाद-चंद्रपुरा मार्गही त्याच कारणाने बंद केला गेला. त्या मार्गावरच्या कतरासगढच्या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. गाडी बंद झाली म्हणजे कॉलेज, दवाखाना, बाजार, सगळंच तुटलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो मार्ग पुन्हा सुरू झाला. सुरक्षिततेची शंका खोटी होती असं माझं म्हणणं नाही. पण मार्ग बंद करण्याआधी त्या माणसांच्या येण्या-जाण्याची पर्यायी सोय काय, हा प्रश्न त्यांना रस्त्यावर येऊन विचारावा लागला.

खाण बंद करताना काय करायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये आणली. त्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, पैसे ठेवायचे. खड्डे बुजवणं, झाडं लावणं, पाण्याची व्यवस्था, यावर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. सायडिंगचं आणि फाट्याचं पुढे काय, हे त्या चर्चेत क्वचितच कानावर येतं. माझं म्हणणं असं की खाण मिटवण्याच्या आराखड्यात एक कलम रुळांचं असावं: हा फाटा प्रवाशांना देता येईल का, पुढच्या गावाला जोडता येईल का, आणि नसेल तर का नाही, हे कंपनीने आणि रेल्वेने लेखी सांगावं, आणि तेही खाण चालू असताना. रूळ एकदा भंगारात गेले की सर्वेक्षणं होत राहतात, रूळ येत नाहीत.

नव्या मार्गांचं तर आणखी सोपं आहे, कारण तिथे चूक अजून व्हायची आहे. झारखंडमध्ये तोरी-शिवपूर मार्ग झाला तो कोळशासाठी. छत्तीसगडमध्ये कोळसा कंपनी, इरकॉन ही रेल्वे बांधणारी सरकारी कंपनी आणि राज्य सरकार यांच्या संयुक्त कंपन्या खरसियाहून धरमजयगडकडे आणि गेवरा रोडहून पेंड्रा रोडकडे रूळ टाकत आहेत. यातला गेवरा-पेंड्रा मार्ग दोन्ही टोकांना प्रवासी मार्गांना मिळतो, म्हणून तो मला आवडतो. जो मार्ग खाणीच्या तोंडाशी संपतो त्याला मंजुरी देतानाच पुढचा टप्पा आखलेला असावा आणि पहिल्या दिवसापासून किमान एक प्रवासी गाडीची जोडी त्यावर असावी. रिकामी धावली तरी चालेल. सुरुवातीची काही वर्षं ती रिकामीच धावेल. सवय लागायला वेळ लागतो.

पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली, आणि त्यांच्या निधीतून रस्ते, पूल यांच्याबरोबर रेल्वेच्या कामांवरही खर्च करायला नियमांत वाव आहे. या पैशांतून सभागृहं आणि सिमेंटचे रस्ते होतात, ते दिसतात, त्यांचं उद्घाटन होतं. माजरीजवळच्या एखाद्या थांब्यावर फलाटाची उंची वाढवणं, शेड टाकणं, वणी-चंद्रपूर अशी सकाळ-संध्याकाळची मेमू (कमी अंतराची विजेवरची प्रवासी गाडी) सुरू व्हावी म्हणून पहिल्या पाच वर्षांच्या तोट्याची हमी घेणं, यात नारळ फोडण्याजोगं काही नसतं. चंद्रपूर आणि यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी हा ठराव प्रतिष्ठानाच्या पुढच्या बैठकीत मांडावा. नकार आला तर निदान तो कोणाचा होता आणि कोणत्या कारणासाठी, हे इतिवृत्तात लिहिलं जाईल.